ज्येष्ठांच्या नावावरचा निधी, विधिमंडळाचं लक्ष आणि 'मागेल ती तपासणी': ठराव कसा लिहावा?

गोदाकाठ
2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायला तालुक्यातल्या काही ज्येष्ठ नागरिक संघांनी दोन ठराव तयार केलेत. पहिला: मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत ज्येष्ठांच्या योजनांवर आलेल्या आणि खर्च झालेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी विधिमंडळात मांडावा. दुसरा: साठी ओलांडलेल्या माणसानं सरकारी दवाखान्यात जी तपासणी मागितली ती मोफत झालीच पाहिजे, डॉक्टरनं लिहून दिलेली असो वा नसो.

पहिल्या ठरावामागची तळमळ पटते, पण कोणत्या खात्याकडून, कोणत्या कागदावर हिशेब हवा हे त्यात काहीच नाही. असा ठराव पंचायत समितीपर्यंत जातो आणि तिथंच फायलीला लागतो. दुसऱ्याबद्दल माझा निर्णय होत नाही. 'डॉक्टर लिहूनच देत नाहीत' ही तक्रार खरी आहे. तरी मागेल ती तपासणी करणं म्हाताऱ्या माणसाच्या हिताचं आहे का? लेखा, विधिमंडळाचं कामकाज आणि लॅब या तिन्हीतले जाणकार इथं आहेत, म्हणून धागा काढला.

तूर_लातूर
दुसऱ्या ठरावाला माझा पूर्ण पाठिंबा. पैसेवाला खासगी लॅबला फोन करतो, पोरगा घरी येऊन रक्त घेऊन जातो. त्याला कोण विचारायलंय चिठ्ठी आहे का म्हणून? मग सरकारी दवाखान्यात येणाऱ्या म्हातारीलाच चिठ्ठीची अट कशाला?

कोषागार_परभणी
आधी पहिल्या ठरावाचं बोलू.

'ज्येष्ठांचा निधी' अशी एक ओळ राज्याच्या अर्थसंकल्पात नाही. पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचं अनुदान सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडून, मुख्य लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) 2235. दवाखाने, औषधं, तपासण्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडून, लेखाशीर्ष 2210. घाटी (संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याच 2210 खाली येतात, पण विभाग वेगळा: वैद्यकीय शिक्षण. एसटीची 75 वर्षांपुढची मोफत आणि 65 ते 75 ची निम्म्या तिकिटाची सवलत याची भरपाई परिवहनाच्या बाजूनं महामंडळाला मिळते. 'ज्येष्ठांवर किती खर्च झाला' असा एकच प्रश्न टाकला तर प्रत्येक विभाग आपापल्या वाट्याचं सांगून मोकळा होतो, किंवा विषय आमच्याकडचा नाही म्हणतो.

श्रावणबाळचंच घ्या. महिना 1500 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या 65 ते 79 वयाच्या माणसाला त्यातले 200 केंद्राचे, इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून, आणि 1300 राज्याचे. ऐंशीनंतर केंद्राचे 500, राज्याचे 1000. केंद्राचे हे दर 2011 पासून तेच आहेत. वर राज्याचा हिस्सा सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी अशा तीन शीर्षांत विभागलेला. एका शीर्षात पैसे आले आणि दुसऱ्यात नाहीत असं झालं की एकाच गल्लीतल्या दोघांपैकी एकाचं अनुदान जमा होतं, दुसऱ्याचं अडकतं. लोकांना वाटतं वशिला लागला. खरं कारण शीर्षाचं असतं. म्हणून बेरीज मागताना तिन्ही शीर्षांची मागा, नाहीतर आकडा अर्धवट येतो.

आता कागद कोणता बघायचा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक शीर्षासमोर चार रकाने असतात. 2025-26 चं पुस्तक उघडलं तर 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा मूळ अंदाज, 2024-25 चा सुधारित अंदाज आणि 2025-26 चा नवा अंदाज. भाषणात आणि बातमीत शेवटचा रकाना येतो. तुम्ही पहिला बघा आणि दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकातल्या मूळ अंदाजाशी ताडून पाहा. चालू वर्षाचं बघायचं तर 'बीम्स' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तरतूद, वितरित निधी आणि खर्च असे तीन आकडे मिळतात. तरतूद आणि वितरण यांत मोठी तफावत असेल तर पैसा मंत्रालयात अडलाय. वितरण आणि खर्च यांत असेल तर जिल्ह्यात.

मांजरापट्टा
शेवटच्या दोन वाक्यांसाठी तरी हा प्रतिसाद जपून ठेवावा. आम्ही इतके दिवस तहसीलदारालाच बोल लावत होतो.

सभागृह_वाचक
कोषागार यांनी कागद दाखवला, मी तो सभागृहात कसा न्यायचा ते लिहितो.

तारांकित प्रश्नाची आपल्याकडची भाषा ठरलेली असते. 'हे खरे आहे काय' असा पहिला भाग, मग 'असल्यास', 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. इथंच प्रश्न मरतो. पहिल्या भागात एक तारीख, एक आकडा, एका गावाचं नाव जरी चुकलं तरी उत्तर येतं 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. तेव्हा आमदारांना निवेदन देताना पहिल्या भागात कागदानं सिद्ध होईल तेवढंच लिहा. 'अनेक ज्येष्ठ वंचित आहेत' असं लिहू नका. 'अमुक तालुक्यात अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत श्रावणबाळच्या सर्वसाधारण शीर्षातील अनुदान जमा झाले नाही' असं लिहा आणि तहसीलच्या पत्राची प्रत जोडा.

आकडेच हवे असतील तर अतारांकित प्रश्न पुरतो, उत्तर लेखी मिळतं. मंत्र्याला उभं राहून उपप्रश्नांना तोंड द्यायला लावायचं असेल तर तारांकित. मिळालेलं उत्तर अपुरं वाटलं तर त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागता येते, आणि हे हत्यार फार कमी वापरलं जातं. मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत करू' म्हणाले की ते आश्वासन होतं, मग आश्वासन समिती त्याचा माग काढते. म्हणून कार्यवाहीतलं ते पान काढून ठेवायचं.

समित्यांमध्येही फरक आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल घटनेच्या अनुच्छेद 151 प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो, त्यावर लोकलेखा समिती सचिवांना बोलावून साक्ष घेते. जिल्हा परिषदेकडच्या पैशासाठी पंचायत राज समिती. ती जिल्ह्यात येते, प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही भेट देते. ही समिती (पीआरसी) येणार कळलं की आवारात चुना पडतो. त्या दिवशी संघानं हार घेऊन जाण्यापेक्षा दोन पानांचं निवेदन आणि नोंदींच्या प्रती घेऊन जावं. शिवाय विनंती अर्ज समिती आहे, तिथं नागरिकाचा अर्ज सदस्यामार्फत सादर होतो.

कोषागार_परभणी
यात एक भर. आरोग्याच्या पायाभूत सुविधा आणि व्यवस्थापनावरचा महालेखापरीक्षकांचा 2016-22 या काळाचा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. आपल्या जिल्ह्याचा उल्लेख त्यात शोधा आणि परिच्छेद क्रमांक निवेदनात घाला. छापील परिच्छेदाला 'हे खरे नाही' म्हणणं कुणालाही अवघड जातं.

गोदाकाठ
मराठवाडा म्हणून वेगळा हिशेब मागता येईल का? की आठ जिल्ह्यांचे आठ?

सभागृह_वाचक
त्याची सोय घटनेतच होती. अनुच्छेद 371(2) प्रमाणे मराठवाड्यासाठी विकास मंडळ, आणि त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे. मंडळ 1994 मध्ये झालं, मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मंडळ चालू असतं तर ठराव क्रमांक एकचं निम्मं काम तिथंच झालं असतं. सध्या तरी आठ जिल्ह्यांचे आकडे वेगवेगळे मागून बेरीज आपणच करावी. आरोग्याची दोन मंडळं आहेत: संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली एका उपसंचालकांकडे, आणि लातूर, धाराशिव, बीड, नांदेड लातूरच्या उपसंचालकांकडे. दोन पत्रांत आठ जिल्हे येतात.

नमुना_नळी
आता दुसऱ्या ठरावावर, लॅबच्या बाजूनं.

तूर_लातूर यांचा मुद्दा समतेचा आहे आणि तो मला पटतो. पण घरी येऊन रक्त नेणं म्हणजे तपासणी नीट झाली असं नाही. साध्या साखरेचं बघा. रक्त काढल्यावरही नळीत पेशी साखर खात राहतात. सीरम वेगळं केलं नाही तर साध्या नळीत तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते, एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून जास्त. म्हणून साखरेला करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी लागते. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी हिमोग्लोबिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) साठी. जांभळ्या नळीतलं रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत ओतलं, आणि घाईत ओततात, की पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. पट्टा दंडाला फार वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडमीट करायला लावली, नमुना डब्यात हिंदकळत गेला, तरी पोटॅशियम वाढलेलं येतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या रिपोर्टात असं पोटॅशियम दिसलं की कुणी गोळी बंद करतं, कुणी थेट मोठ्या दवाखान्यात पाठवतं, आणि मूळ दोष असतो नमुना घेण्यात.

लाल नळी भरल्यावर अर्धा तास उभी ठेवून गुठळी होऊ द्यायची, मग फिरवायची, मग थंड डब्यात. डब्यातला बर्फ नळीला थेट चिकटू द्यायचा नाही, पेशी फुटतात. आरोग्य केंद्रातून महालॅबला (सरकारी दवाखान्यांचे नमुने तपासणाऱ्या लॅबला) जाणाऱ्या नमुन्यांचंही हेच. गाडी यायची वेळ दुपारची असेल आणि रक्त सकाळी आठला काढून तसंच ठेवलं असेल तर त्या रिपोर्टाला अर्थ नाही. मागणीवर तपासण्या वाढल्या आणि नळ्या फिरवायचं यंत्र (सेंट्रिफ्यूज) एकच राहिलं, तर आधी बिघडेल ते हे.

अर्ज_माहितीचा
खासगीचंही लक्षात असू द्या. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. सहीखाली नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तो रिपोर्ट घेऊन उपचार बदलू नयेत.

एमबीबीएस_हिंगोली
तूर_लातूर, तुमच्या ठरावाला माझा विरोध आहे.

रिपोर्टावरच्या 'नॉर्मल'च्या मर्यादा (संदर्भ मर्यादा) अशा आखलेल्या असतात की निरोगी 100 माणसांतली 95 त्यात बसतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाची एक तपासणी केली तरी ती मर्यादेबाहेर येण्याची शक्यता 5 टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या तर निदान एक तरी बाहेर येण्याची शक्यता 64 टक्के, 60 केल्या तर 95 टक्के. 'फुल बॉडी'च्या पाकिटात रिपोर्टावर एखादा लाल बाण येतो तो यामुळे. त्या बाणामागे सोनोग्राफी, मग सीटी, मग संभाजीनगर किंवा हैदराबादची वारी. सत्तरीनंतर लक्षण नसताना पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करू नये, तशा शिफारसी आहेत. कर्करोगाचे मार्कर निरोगी माणसाची चाळणी लावायला नसतात. लक्षण नसताना लघवीत जंतू सापडले तर वृद्धांना प्रतिजैविक देण्यानं फायदा होत नाही, जुलाब आणि अशक्तपणा मात्र येतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) वयाबरोबर थोडा चढतो, किंचित वाढीवर लगेच गोळी सुरू करू नये.

आणि उपाशीपोटीचा घोळ. माणूस मुक्कामी एसटीनं पहाटे निघतो, सकाळची साखरेची गोळी घेतो, आठला रांगेत लागतो, नंबर येतो अकराला. गोळी पोटात, अन्न नाही. तिथंच घाम फुटून खाली बसतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर गोळी किंवा इन्सुलिन रक्त देऊन, खाऊन मगच, आणि हे आदल्या दिवशी डॉक्टरला विचारून. पाणी प्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात प्यायलाच हवं. एचबीए1सी ला उपाशी राहावं लागत नाही, पण रक्त कमी असेल तर तो आकडा फसवतो: लोहाच्या कमतरतेत खोटा वाढतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन 8-9 असलेल्या म्हाताऱ्या बाया कमी नाहीत. आधी सीबीसी, मग एचबीए1सी.

तूर_लातूर
हिशेब कळला डॉक्टर. पण तुम्ही सांगताय ते जास्त तपासणीचं नुकसान. आमच्या इकडं म्हाताऱ्या माणसाची साधी क्रिएटिनिन होत नाही हो. गुडघ्यासाठी मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं चालू, किडनी बघितलेलीच नाही. तिथं मागणी करायचा हक्क नको?

एमबीबीएस_हिंगोली
हवा. या उदाहरणात मी पूर्ण तुमच्या बाजूनं. माझा विरोध 'मागेल ती' याला आहे.

साठीपुढच्या कुणीही मागितल्यावर नाही म्हणू नये अशी छोटी यादी करता येते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. मधुमेह, रक्तदाब किंवा रोजची वेदनाशामक गोळी असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर पोटॅशियम. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी, आणि क्षयाच्या 100 दिवसांच्या मोहिमेत 60 वर्षांपुढच्यांना जोखमीच्या गटात धरलेलंच होतं. मोतीबिंदूसाठी डोळे. यातला रक्तदाब आणि साखर तर 30 वर्षांपुढच्या प्रत्येकाची व्हायलाच हवी, आशाताई सीबॅकचा (आजारांच्या जोखमीचा) फॉर्म भरतात तो त्यासाठीच. त्याला चिठ्ठी लागत नाही.

येडशीचा_घाट
आमच्याकडं आमदार निधीतून आणलेलं मशीन प्लास्टिक गुंडाळून ठेवलंय. रीएजंट (तपासणीचं रसायन) नाही म्हणतात.

कोषागार_परभणी
कारण साधं आहे. आमदार निधी टिकाऊ वस्तूला चालतो, रीएजंट आणि नळ्या हा आवर्ती खर्च त्यातून होत नाही. तो दवाखान्याच्या अनुदानातून किंवा रुग्ण कल्याण समितीतून करावा लागतो. यंत्राची मागणी करतानाच वर्षभराच्या रीएजंटची तरतूद कुठल्या शीर्षातून, हे पत्रात लिहून घ्या. लोकार्पणाचा फोटो निघाल्यावर कुणी विचारत नाही.

अर्ज_माहितीचा
याचा पुरावा माहिती अधिकारात मिळतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर, शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. 'यंत्र बंद का आहे' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. नोंदी मागा:

'अमुक ग्रामीण रुग्णालयातील प्रयोगशाळा नोंदवहीची अमुक महिन्यांची प्रत. रीएजंट साठा नोंदवहीची त्याच महिन्यांची प्रत. रुग्ण कल्याण समितीच्या मागील चार बैठकांची इतिवृत्ते व खर्चाचा तपशील.'

रुग्णांची नावं झाकून द्यावीत असं स्वतःच लिहा, म्हणजे खासगी माहितीचं कारण पुढं करून नाकारता येत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं. साठा वहीत शून्य आणि तपासणी वहीत त्याच दिवशी 40 तपासण्या असं दिसलं तर ती दोन पानं शेजारी-शेजारी लावून सभागृह_वाचक म्हणतात तसा प्रश्न करा.

मांजरापट्टा
मोफत तपासण्यांची काही ठरलेली यादी आहे का? दवाखान्यात विचारलं की 'इथं होत नाही' एवढंच उत्तर.

नमुना_नळी
आहे. मोफत निदान सेवेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक यादीत उपकेंद्राला 14, प्राथमिक आरोग्य केंद्राला 63, सामुदायिक केंद्राला 97, उपजिल्हा रुग्णालयाला 111 आणि जिल्हा रुग्णालयाला 134 तपासण्या आहेत. 63 मध्ये क्रिएटिनिन बसते. 'इथं होत नाही' म्हणाले तर नमुना इथं घेऊन पुढं पाठवणं हाही सेवेचाच भाग आहे.

पैशाचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना तो निर्णय लागू नाही, घाटीत म्हणूनच पावती फाटते. काही जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालय नव्या महाविद्यालयाला जोडलंय, तिथं खिडकी कोणत्या विभागाची हे आधी विचारायचं. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड असेल तर 5 लाखांचं संरक्षण भरती झाल्यावरचं आहे. भरतीच्या आधीच्या 3 दिवसांतल्या तपासण्या आणि नंतरचे 15 दिवस त्यात धरतात. नुसती ओपीडीतली तपासणी त्यात बसत नाही. कार्ड घेऊन लोक लॅबच्या काउंटरवर वाद घालतात, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं.

तूर_लातूर
तसं असेल तर मी 'मागेल ती' हा शब्द सोडतो. पण एक अट राहू द्या: नाही म्हणाले तर कागदावर नाही म्हणा. तोंडी नकारानं म्हातारं माणूस गप घरी येतं, आणि मग त्याच्या नकाराची नोंद कुठंच राहत नाही.

एमबीबीएस_हिंगोली
मान्य. केसपेपरवर 'अमुक तपासणीची विनंती, सध्या गरज नाही, कारण अमुक' ही एक ओळ लिहायला मिनिट लागत नाही. ओपीडीत दीडशे रुग्ण असले तरी. उलट डॉक्टरलाही विचार करायला भाग पाडते ती.

सभागृह_वाचक
आणि ती ओळ मोजता येते. किती विनंत्या, किती झाल्या, किती रीएजंटअभावी राहिल्या. मग विधिमंडळात मागायला आकडा तयार होतो. दोन्ही ठराव इथं एकत्र येतात, गोदाकाठ. वेगळे मांडू नका.

गोदाकाठ
सगळ्यांचं घेऊन मसुदा असा केलाय:

'ही ग्रामसभा ठराव करते की, (अ) 60 वर्षांवरील व्यक्तीने विनंती केल्यास रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन वर्षातून एकदा, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा नियमित वेदनाशामक औषध असल्यास क्रिएटिनिन व लघवी तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. (आ) इतर तपासणीची विनंती नाकारल्यास कारण केसपेपरवर लिहावे. (इ) विनंत्या, झालेल्या तपासण्या व साहित्याअभावी न झालेल्या तपासण्या यांची मासिक संख्या केंद्राच्या फलकावर लावावी. (ई) श्रावणबाळ, संजय गांधी व आरोग्य तपासणी यांवरील तरतूद, वितरण व खर्च शीर्षनिहाय, जिल्हानिहाय विधिमंडळासमोर यावा यासाठी लोकप्रतिनिधींनी प्रश्न दाखल करावा.'

कोषागार_परभणी
(ई) मध्ये 'सर्वसाधारण, अनुसूचित जाती व आदिवासी शीर्षांसह' घाला. बाकी चांगलं.

नमुना_नळी
(इ) मध्ये 'नमुना घेतल्याची व गाडीत दिल्याची वेळ' एवढं वाढवता आलं तर बघा. त्या दोन वेळांतलं अंतरच पुष्कळ काही सांगतं.

सभागृह_वाचक
प्रत विधानसभेच्या आमदारांना द्याच, पण ते त्यांच्या मतदारसंघापुरतं बोलतात. औरंगाबाद विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आठही जिल्ह्यांत पसरलेले आहेत, तेव्हा विधानपरिषदेतल्या त्या दोन सदस्यांनाही पाठवा. आणि अधिवेशनाच्या तोंडावर नको, प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. नागपूरसाठी हवं असेल तर 2 ऑक्टोबरचा ठराव त्याच आठवड्यात त्यांच्या कार्यालयात पोचवून पोच घ्या.